मृगाच्या बाणाखालचा दिवा

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात पालक व माजी विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



म्हैसूरच्या राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी दिवे लागतात, तो क्षण या शहरात वाढलेल्या कोणालाही नवा नाही. तरीही सुमारे एक लाख दिवे एकदम उजळतात तेव्हा पटांगणातील गर्दीतून एक उद्गार उमटल्यावाचून राहत नाही. निमिषापूर्वी जी केवळ काळोखी आकृती होती, तिचे घुमट, कमानी आणि सज्जे रेखीव होऊन डोळ्यांपुढे उभे राहतात. दिव्यांमुळे वास्तू दिसू लागते. पण वास्तूचा एक चिराही ते दिवे हलवीत नाहीत. आकाशात मात्र असा एक प्रासाद आहे की ज्याच्या आतले दिवे त्याला उजळतात आणि उजळता उजळताच त्याला पोखरतात, त्याच्या भिंती मागे रेटतात आणि अखेरीस तो सारा प्रासादच मोडून टाकणार आहेत. आजचे विवेचन त्या प्रासादाविषयी, त्यातल्या चार दिव्यांविषयी आणि ते कोडे सोडविण्यात ज्यांचा हात लागला अशा आपल्याकडील काही माणसांविषयी आहे.

तो प्रासाद मृगनक्षत्रात आहे. मृग कोणाला ठाऊक नाही? सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तो जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास. महाराष्ट्रातला शेतकरी त्या दिवसापासून मृगाच्या पावसाची वाट पाहतो आणि इकडचा कन्नड शेतकरीही त्या पावसाला मृगशिरेचाच पाऊस म्हणतो. पण मृग डोळ्यांनी पाहायचा तर तो हिवाळ्यात. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत रात्रीच्या पहिल्या प्रहरी तो आकाशात असतो. चार कोपऱ्यांवरचे चार तारे हे हरणाचे पाय, मधोमध एका ओळीतले तीन तारे हा त्याच्या पोटात रुतलेला बाण आणि आग्नेयेस झळाळणारा तो व्याध. बाणाच्या या तीन ताऱ्यांना खेड्यापाड्यांत तिकांडे म्हणतात. बाणाच्या दक्षिणेस आणखी तीन फिकट ताऱ्यांची एक लहानशी ओळ आहे. तिच्यातला मधला तारा टक लावून पाहिला तर तो ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. आरशावर श्वास सोडावा तसा धुरकट दिसतो. तोच मृगातील तेजोमेघ.

त्याचे अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे आहे. आज जो प्रकाश म्हैसुरात पोहोचतो तो तिकडून निघाला तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोहोंवर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती. मेघाचा विस्तार असा की प्रकाशालाही त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागावा.

हा मेघ चमकतो कशाने, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ढग आपण होऊन चमकत नाही. मग तो आतून तापला आहे, की दुसऱ्या कोणी त्याला उजळले आहे? १८६४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हगिन्स यांनी लंडनमध्ये उत्तर आकाशातील एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट म्हणजे इंद्रधनुष्यासारखी सलग रंगांची पट्टी; हगिन्स यांना तशी पट्टी दिसलीच नाही. अंधारात मोजक्या तेजस्वी रेघा तेवढ्या होत्या. याचा अर्थ तो मेघ म्हणजे दूरच्या ताऱ्यांची दाटी नसून विरळ वायू आहे, हे निश्चित झाले. लवकरच मृगातील मेघाविषयीही तेच दिसून आले. पण त्या रेघांतली सर्वांत ठळक हिरवी रेघ पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. काहींनी तिच्यासाठी एक नवे मूलद्रव्यच कल्पिले आणि त्याला नेब्युलियम असे नाव दिले.

या रेघेवरून पुढे मोठा वाद झाला. सूर्याच्या प्रकाशातील हेलियमची रेघ नव्या मूलद्रव्याची आहे असे ओळखणारे आणि ‘नेचर’ हे नियतकालिक सुरू करणारे नॉर्मन लॉकियर हे त्या काळातले फार मोठे नाव. १८८७ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की तेजोमेघ म्हणजे उल्कापाषाणांचे थवे आहेत. ते एकमेकांवर आदळून तापतात आणि त्यातून हा प्रकाश निघतो. ती हिरवी रेघ नव्या द्रव्याची मुळीच नव्हे, तापलेल्या उल्कांतील मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याचा तो उरलेला ठळक काठ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. थोडक्यात, त्यांच्या मते मेघ स्वतःच्याच घर्षणाने पेटलेला होता. तिथे दिव्याची गरजच नव्हती.

या वादात एक साक्ष पुण्याहून गेली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईचे पारशी गृहस्थ. जन्म १८५७ चा. एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवीत असता १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि तेवढीच रक्कम मुंबई सरकारने घातली. पुढे नायगमवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे संगमाजवळच्या आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आले आणि १८८८ मध्ये तेथे महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची २० इंची परावर्ती दुर्बीण तिथे होती. त्यानंतर कित्येक दशके देशात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

नायगमवाला यांनी ती मृगातील मेघाकडे वळविली आणि वर्णपटदर्शकातून ती एकच हिरवी रेघ तपासली. प्रश्न साधा होता, पण नेमका होता. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका कडेला ठळक असतो आणि दुसऱ्या कडेकडे विरत जातो. तेव्हा ही रेघ जर त्या पट्ट्याचा अवशेष असेल, तर तिची एक बाजू थोडी तरी पुसट दिसली पाहिजे. नायगमवालांना ती तशी दिसली नाही. परिस्थिती बदलून पाहिली तरी रेघ दोन्ही अंगांनी सारखीच धारदार आणि अरुंद राहिली. त्यांचा हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांतात १८९१ मध्ये छापला गेला. अमेरिकेत लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी आदल्याच वर्षी रेघेचे स्थान अचूक मोजून ती मॅग्नेशियमशी जुळत नाही असे दाखविले होते. एकाने रेघेची जागा पाहिली, दुसऱ्याने तिचे रूप पाहिले आणि दोघांचीही साक्ष लॉकियर यांच्या विरुद्ध गेली. रेघ कशाची आहे हे नायगमवालांनी सांगितले नाही. कशाची नाही, एवढेच सांगितले. शाळेच्या प्रयोगवहीत ‘अपेक्षित उत्तर’ आधी लिहून मग निरीक्षणे भरण्याची सवय ज्या मुलांना लागते, त्यांनी या लहानशा टिपणाची हकिकत अवश्य ऐकावी.

इथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, आणखी एक गृहस्थ मृगाकडे पाहत होते. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ १८९३ चा. वसंतसंपात मृगनक्षत्रात असतानाच्या स्मृती वेदांत उतरल्या आहेत, या आधारावर त्यांनी वेदांचा काळ फार मागे नेला. एका नक्षत्राकडे पाहून एकाने इतिहास शोधला, दुसऱ्याने पदार्थविज्ञान. टिळकांचे नाव घरोघरी राहिले. नायगमवालांचे नाव पुण्यातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

याचे एक कारण त्या वेधशाळेच्या नशिबात आहे. १८९८ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी जेऊर येथे मोहीम नेली, विद्यार्थी घडविले, अनेक वर्षे काम केले. परंतु ती वेधशाळा एका माणसाच्या खांद्यांवर उभी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. साहित्य कोडाईकनालला पाठविण्यात आले. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण ज्या गावात होती, तेथे ती चालविण्याची सोय पुढे कोणी केली नाही. साठ वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेच्या उत्सवात ही गोष्ट थोडी अस्वस्थ करणारी आहे आणि ती तशीच असू द्यावी.

कोड्याचा उलगडा पुढे दोन टप्प्यांत झाला. १९२२ मध्ये एडविन हबल यांनी पुष्कळ तेजोमेघ तपासून दाखविले की प्रत्येक उजळ मेघाच्या आत किंवा जवळ त्याला उजळणारा तारा सापडतोच. तारा फार तप्त असेल तर मेघातील वायू स्वतःच्या रंगांत प्रकाशतो. तारा त्या मानाने थंड असेल तर मेघातील धूळ नुसता त्याचा प्रकाश परावर्तित करते. कृत्तिकांभोवतीची निळसर धुई या दुसऱ्या प्रकारची. कृत्तिका त्या धुळीत जन्मलेल्याही नाहीत. वाटेत भेटलेल्या मेघातून त्या केवळ चालल्या आहेत. मृगातला मेघ मात्र पहिल्या प्रकारचा आहे. म्हणजे तिथे दिवा आहे आणि तो भलताच प्रखर आहे.

दुसरा टप्पा १९२७ चा. कॅलिफोर्नियातील आयरा बोवेन यांनी ती हिरवी रेघ ओळखली. नेब्युलियम नावाचे काही नव्हतेच. ती रेघ ऑक्सिजनची होती. मुले वर्गात बसून जो श्वास घेतात त्यातलाच हा वायू, पण त्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन हिरावले गेलेले. अशा अणूला धक्का बसून तो उत्तेजित झाला की ती हिरवी छटा सोडून शांत व्हायला त्याला सुमारे चाळीस सेकंद लागतात. अणूंच्या जगात हा काळ अतिदीर्घ होय; नेहमीचे अणू सेकंदाच्या कोट्यंशात प्रकाश सोडून मोकळे होतात. पृथ्वीवरच्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये एकावर एकोणीस शून्ये दिल्यावर जो आकडा होतो त्याहूनही अधिक रेणू असतात. इतक्या गर्दीत चाळीस सेकंद स्वस्थ कोण बसू देणार? दुसऱ्या कणाची धडक बसते आणि प्रकाश सोडण्याआधीच ती ऊर्जा निघून जाते. तेजोमेघाच्या गर्भात तेवढ्याच जागेत काही हजार कण असतात. तिथे अणूला एकांत मिळतो. म्हणूनच प्रयोगशाळेत कधी न दिसलेली रेघ आकाशात सर्वांत ठळक होती. पुण्यात ती धारदार दिसली त्याचे कारणही हेच, की ती एकेकट्या अणूची होती, रेणूच्या पसरट पट्ट्याचा तुकडा नव्हती.

ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा तर साधा सूर्यप्रकाश पुरत नाही. त्यासाठी अतितीव्र अतिनील किरण लागतात आणि ते एक तर अत्यंत तप्त तरुण ताऱ्यापासून मिळतात, नाही तर मरणासन्न ताऱ्याच्या उघड्या पडलेल्या गाभ्यापासून. हगिन्स यांनी पाहिलेला पहिला मेघ या मरणाऱ्या ताऱ्याचा होता. मृगातला जन्मणाऱ्यांचा आहे.

मेघाच्या गाभ्यात लहान दुर्बिणीतूनही चार तारे दिसतात; त्यांच्या मांडणीवरून त्यांना समलंब चौकोन म्हणतात. भोवती दोनेक हजार लहान ताऱ्यांचा समूह आहे. पण मेघ उजळण्याचे बहुतेक काम या चौघांपैकी एकच तारा करतो. सूर्याच्या तीसपटीहून अधिक वस्तुमान, पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३९,००० अंश (सूर्याचे ५,८०० च्या आसपास) आणि तेज सूर्याच्या सुमारे दोन लाख पट. वय दहा लाख वर्षांच्या आसपास. हा आकडा मोठा वाटतो. परंतु सूर्याला शेहेचाळीस वर्षांचा प्रौढ गृहस्थ मानले, तर हा तारा अवघ्या चार दिवसांचे अर्भक ठरतो. त्याच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे अणू फुटतात, सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंशी मिळतात आणि मिळताना पायरीपायरीने खाली उतरत लाल प्रकाश सोडतात. छायाचित्रांतला गुलाबी-लाल रंग तो हाच. (पाठ्यपुस्तकांतील ही रंगीत चित्रे पाहून मुले दुर्बिणीला डोळा लावतात आणि हिरमुसतात. मानवी डोळ्याला मंद प्रकाशात लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती राखाडी, फार तर किंचित हिरवट धुई. ती हिरवट छटा म्हणजेच नायगमवालांची रेघ, हे त्या क्षणी कोणी सांगितले तर हिरमोड होणार नाही.)

आता प्रासादाच्या आकाराकडे वळावे. मृगातील तेजोमेघ हा मुळात एका फार मोठ्या, थंड आणि काळोख्या मेघाच्या अंगावर उठलेला फोड आहे. तरुण ताऱ्याने आपल्या भोवतीचा वायू सुमारे १०,००० अंशांपर्यंत तापविला. तापलेला वायू फुगला आणि मेघाची आपल्या बाजूची भिंत फोडून बाहेर पडला. त्यामुळे जे दिसते ते भरीव गोळा नसून आतून कोरलेली, आपल्याकडे तोंड असलेली गुहा आहे. मागची भिंत उजळलेली आहे, आणि त्या भिंतीच्याही मागे अंधारात आणखी तारे जन्म घेत आहेत. पडद्याआडचा असा एक तारा १९६७ मध्ये केवळ त्याच्या उष्णतेवरून, म्हणजे अवरक्त किरणांत, सापडला.

त्याच ताऱ्याची दुसरी करामत अधिक कठोर आहे. १९९० नंतरच्या दशकात हबल अवकाश दुर्बिणीने या मेघात नवजात ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या टिपल्या. अशाच तबकडीतून कधी काळी पृथ्वी घडली. पण मृगात मोठ्या ताऱ्याच्या जवळ असलेल्या तबकड्यांना बेडकाच्या पिलांसारखी शेपटी आहे. डोके ताऱ्याकडे, शेपूट उलट दिशेस. त्याच्या किरणांनी त्या तबकड्यांचे द्रव्य वाफ होऊन उडून चालले आहे. ज्यातून ग्रह व्हावयाचे ते ग्रह होण्यापूर्वीच नाहीसे होत आहे. थोरला भाऊ चार दिवसांचा आणि धाकट्यांच्या ताटातले तो आताच उडवून देतो आहे.

किरणांखेरीज ताऱ्याचा वाराही आहे. ताऱ्याच्या पृष्ठभागावरून सुटणारे कण सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात आणि समोरचा वायू झाडून दूर ढकलतात. या दोहोंत मेघाला आकार देण्यात मोठा हात कोणाचा, किरणांचा की वाऱ्याचा, हा प्रश्न अलीकडेपर्यंत वादाचा होता. तो सोडवायचा तर उजळलेला वायू पाहून भागत नाही. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरचा वायू पाहावा लागतो. त्या सीमेवर हायड्रोजन शाबूत असतो, पण कार्बनचा एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो, आणि असा कार्बन १५८ मायक्रॉन तरंगलांबीचे दूर-अवरक्त किरण सोडतो. हवेतील बाष्प हे किरण गिळून टाकते. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते.

ती नेण्याचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केले. या संस्थेचे बलून केंद्र हैदराबादेत आहे. तेथून १०० सेंटिमीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण बलूनला टांगून वातावरणाच्या बहुतेक थरांच्या वर पाठविली जात असे. जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तिच्यावर नवे वर्णपट-उपकरण बसविल्यावर पहिल्याच उड्डाणात मृगातील मेघाचा कार्बन-नकाशा तयार झाला. नकाशाची लांबी पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढी, रुंदी त्याच्या निम्मी. त्यापूर्वी एवढा विस्तृत नकाशा झालेला नव्हता. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या टिपणानंतर एकशेबारा वर्षांनी तोच मेघ भारतातून पुन्हा वर्णपटात तपासला गेला आणि या वेळी मात्र मागे उभी असलेली माणसे अनेक होती.

त्या उपकरणाला वायूचा वेग बारकाईने मोजता येत नव्हता. ते पुढे सोफिया या विमानातल्या दुर्बिणीने साधले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांत असे आढळले की मेघाच्या पुढच्या बाजूस सुमारे तेरा प्रकाशवर्षे रुंदीचा एक फुगा आहे आणि त्याचे कवच सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने पसरत आहे. तो फुगा त्या एकाच ताऱ्याच्या वाऱ्याने फुगविला आहे. ज्या वायूतून आणखी तारे जन्मले असते तोच त्या वाऱ्याने लोटला जात आहे. प्रासाद उजळण्याचे काम किरणांचे. त्याच्या भिंती हलविण्याचे बरेचसे काम वाऱ्याचे. तारा स्वतःही फार जगणार नाही. सूर्याचे आयुष्य अब्जांत मोजायचे, याचे काही दशलक्षांत. आणि मेघ तर त्याच्याही आधी, काही लाख वर्षांतच विखरून जाईल.

पुण्याची ती जुनी दुर्बीण ज्या कोडाईकनालला गेली, तेथील वेधशाळेतूनच पुढे बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आकाराला आली. आणि त्याच संस्थेने म्हैसूर विद्यापीठाच्या परिसरात, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, तारांगण आणि प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले. २०२२ मध्ये त्याची कोनशिला बसली. पारशी प्राध्यापकाच्या दुर्बिणीपासून या टेकडीपर्यंतचा धागा सरळ नाही, पण तुटलेलाही नाही.

ज्यांना आज घरी गेल्यावर मेघ पाहावयाचा असेल त्यांनी शहराचे दिवे पाठीशी ठेवावेत. म्हैसूर विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने मृग येथे पुण्याहूनही उंच चढतो; मध्यावर येतो तेव्हा हा मेघ डोक्यावरच्या बिंदूपासून दक्षिणेस केवळ अठरा अंश खाली असतो. जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास ही वेळ येते. गच्चीवर दहा-पंधरा मिनिटे अंधारात बसून डोळे सरावू द्यावेत आणि मोबाइल खिशातच ठेवावा. प्रथम तिकांडे शोधावे, मग त्याच्या दक्षिणेची लहान ओळ आणि तिच्यातला मधला तारा. पक्षिनिरीक्षणाची साधी द्विनेत्री असली तर पुरे. थेट त्याच्यावर रोखून पाहण्यापेक्षा किंचित बाजूला पाहावे. धुई अधिक स्पष्ट दिसते.